फ्यूज कधी उडाला? मायक्रोवेव्हच्या दारातले तीन खटके, नव्या मेकॅनिकसाठी

आमच्या भागात मायक्रोवेव्ह विकत कमी घेतला जातो, वाट्याला जास्त येतो. पोरानं पुण्यात नवा घेतला की जुना ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत बसून गावी येतो. लग्नात आलेला, दोन वर्षं खोक्यात पडून राहिलेला आणि सून बाळंतपणाला आली तेव्हा बाहेर निघालेला, असाही येतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं पंखे, मिक्सर, मोटारींचं दुकान आहे. तिथं हे ओव्हन यायला लागले तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आयटीआयत कोणी शिकवला नव्हता. जे शिकलो ते चुका करून.

आता शेजारपाजारची पोरं विचारतात, "भाऊ, मायक्रोवेव्ह आला हाय, उघडू का?" हा लेख त्यांच्यासाठी. मिक्सर-पंखा जमतो, मल्टीमीटर धरता येतो, पण हा डबा पहिल्यांदाच टेबलावर आलाय, असं धरून लिहितो. मॅग्नेट्रॉन (तापवणाऱ्या लहरी तयार करणारा भाग), बोर्ड यांच्यात शिरत नाही. फक्त दार आणि दारातले खटके. माझ्याकडे येणाऱ्या कामात दाराचीच भानगड जास्त असते, आणि नवा माणूस फसतोही तिथंच.

घरी वापरणाऱ्यांनी वाचायला हरकत नाही. पण कव्हरचे स्क्रू त्यांनी खोलू नयेत. कारण पुढे येईलच.

आधी गिऱ्हाइकाला विचारा: कधी बंद पडला?

"काय झालं?" हा प्रश्न कामाचा नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असतं, "चालूच नाही होऊन राह्यला." विचारायचं ते असं: नेमका कोणत्या क्षणाला बंद पडला? दार उघडताना, दार लावताना, स्टार्ट दाबल्यावर, की प्लग घालताच?

हे मला एका काकूंनी शिकवलं, त्यांच्या नकळत. त्या घरीच केक करून आसपासच्या खेड्यांत वाढदिवसांना देतात. त्यांचा ओव्हन आला तो मेलेला, डिस्प्लेसुद्धा नाही. उघडून पाहिलं तर फ्यूज उडालेला. नवा टाकला, ग्लासभर पाणी ठेवून मिनिटभर चालवला, पाणी तापलं, पैसे घेतले. आठ दिवसांनी परत. पुन्हा फ्यूज. पुन्हा नवा टाकला, पुन्हा पाणी तापलं. व्होल्टेजचा दोष असेल, असं त्यांना मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं. तिसऱ्या वेळी त्या ओव्हन टेबलावर ठेवून म्हणाल्या, "भाऊ, मी चॉकलेट पातळ करते ना, तवा दार उघडलं की खट होते न् सारंच बंद."

चॉकलेट एका दमात तापवलं तर करपतं. म्हणून त्या अर्धा मिनिट चालवायच्या, दार उघडून हलवायच्या, परत अर्धा मिनिट. स्टॉप न दाबता, चालू ओव्हनचं दार थेट ओढून. मी टेस्ट करताना मात्र मिनिट पूर्ण होऊ द्यायचो, बीप वाजायचा, मग दार उघडायचो. दोष दार ओढताना होता आणि मी ते कधी ओढलंच नव्हतं.

तेव्हापासून ढोबळ हिशेब असा ठेवला आहे:

दार उघडताना किंवा लावताना फ्यूज उडत असेल, तर दारातले खटके किंवा ते धरणारा ब्रॅकेट.

दार बंद आहे, स्टार्ट दाबला, एकदा घुमला आणि फ्यूज गेला, तर संशय हाय व्होल्टेजकडे: कपॅसिटर, डायोड, ट्रान्सफॉर्मर, मॅग्नेट्रॉन. हे काम अजून तुमचं नाही.

डिस्प्ले चालू, घड्याळ चालू, पण स्टार्ट घेतच नाही, तर दार बंद झाल्याचं बोर्डाला कळत नाहीये. दार हातानं दाबून धरल्यावर चालू होत असेल तर हुक, स्प्रिंग किंवा ब्रॅकेट पाहा.

दार उघडं असताना काचेची थाळी फिरतेय, पंखा चालतोय, तर एखादा खटका अडकलेला असू शकतो. असा ओव्हन त्याच घडीला प्लगमधून काढायला सांगायचा. फोनवर विचारलं तरी हेच सांगायचं.

(आत बल्ब लागतो ती गोष्ट वेगळी. दार उघडल्यावर बल्ब लागणं बऱ्याच मॉडेलमध्ये मुद्दाम ठेवलेलं असतं.)

तीन खटके करतात काय

दाराच्या कडेला प्लास्टिकचे दोन हुक असतात, वर एक आणि खाली एक. दार लावलं की ते बॉडीतल्या दोन फटींत शिरतात. फटींच्या मागे प्लास्टिकचा ब्रॅकेट असतो आणि त्यावर बसवलेले मायक्रोस्विच, म्हणजेच आपले खटके. बहुतेक ओव्हनमध्ये तीन. हुक आत गेला की खटक्याचं बोंड दाबलं जातं, टक असा आवाज येतो.

पहिला प्रायमरी, दुसरा सेकंडरी. हे दोघं साधे आहेत. दार बंद म्हणजे बोंड दाबलेलं आणि लाइन जोडलेली. दार उघडं म्हणजे लाइन तुटलेली. मेकॅनिकच्या भाषेत एनओ, नॉर्मली ओपन. एक खटका बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या वाटेवर बसून सगळा करंट झेलतो. दुसरा काही मॉडेलमध्ये तसाच असतो, तर काहींत फक्त बोर्डाला सांगतो, "दार लागलं," आणि बोर्ड रिले (बोर्डाच्या हुकमानं करंट जोडणारा-तोडणारा खटका) ओढतो. जोडणी मॉडेलप्रमाणे बदलते. कव्हरच्या आतल्या बाजूला कागदी आकृती चिकटवलेली असेल तर ती आधी पाहा. मी ती मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवतो. पुढच्या वेळी कागद झुरळांनी खाल्लेला असतो.

तिसरा मॉनिटर, आणि नव्या माणसाला चकवतो तो हाच. तो उलटा आहे, एनसी, म्हणजे नॉर्मली क्लोज्ड. दार उघडं असताना तो जुळलेला असतो आणि दार लावलं की सुटतो. जोडलेला असतो थेट फेज आणि न्यूट्रल यांच्या मध्ये, प्रायमरीच्या पुढच्या बाजूला. म्हणजे दार उघडं असताना तो मुद्दाम शॉर्ट करून बसलेला असतो! मी पहिल्यांदा आकृती पाहिली तेव्हा छापताना चूक झाली असंच वाटलं होतं.

चूक नाही. कापूस वेचायला मजूर आणि त्यांच्यावर मुकादम असतो, तसं हे आहे. प्रायमरी-सेकंडरी मजूर, मॉनिटर मुकादम. दार उघडलं, मजुरांनी आपापली लाइन तोडली, तर मुकादमाच्या शॉर्टपर्यंत करंट पोचतच नाही आणि काही होत नाही. पण लाइन तोडणाऱ्या खटक्याचे पॉइंट चिकटून राहिले आणि दार उघडं असूनही लाइन पुढे आली, तर ती मॉनिटरमधून थेट शॉर्ट होते आणि फ्यूज उडतो. दार उघडं असताना ओव्हन चालू राहण्यापेक्षा तो मेलेला बरा, एवढंच त्यामागचं डोकं आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून हा नियमच आहे: किमान दोन इंटरलॉक, म्हणजे दार उघडताच ओव्हन तोडणारे खटके, हवेत, त्यातला एक तरी बोटानं किंवा १० सेंटीमीटरची सरळ काडी घालून दाबता येऊ नये, आणि इंटरलॉक निकामी झाला तर ओव्हन बंद पडला पाहिजे. तुमच्या टेबलावरचा डबा त्याच वळणावर बनलेला असतो.

यात क्रम फार महत्त्वाचा. उघडताना आधी प्रायमरी-सेकंडरी सुटले पाहिजेत, मग मॉनिटर जुळला पाहिजे. लावताना आधी मॉनिटर सुटायचा, मग बाकीचे जुळायचे. हा फरक हुकाच्या केसभर हालचालीवर असतो. तिन्ही खटके ठणठणीत असले तरी ब्रॅकेट सैल झाला की क्रम बिघडतो आणि फ्यूज जातो. ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून शेकडो किलोमीटर हादरे खात आलेला ओव्हन गावात पहिल्याच दिवशी फ्यूज उडवतो, तेव्हा मी आधी ब्रॅकेट हलवून पाहतो.

आणि दाराचा एवढा जाच कशासाठी? आत २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी असतात, एकेक लहर सुमारे १२ सेंटीमीटर लांब. काचेमागच्या जाळीची भोकं मिलिमीटरभराची, त्यातून ती निघत नाही. दाराच्या कडेला रबर दिसत नाही म्हणून घाबरू नका. त्या कडेच्या प्लास्टिकआड पत्र्याची खोबण असते, साधारण पाव लहरीच्या मापाची, ती गळती अडवते. ठरलेली हद्द अशी की दारापासून ५ सेंटीमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॅटपेक्षा जास्त निघता कामा नये. या लहरींनी कॅन्सर होतो असं गावात बोललं जातं. त्या एक्स-रेच्या जातीच्या नाहीत, त्या तापवतात. पण तापवणं हेच पुरेसं वाईट आहे. डोळ्याच्या भिंगात रक्त फिरत नाही, तिथली उष्णता लवकर निघून जात नाही. दार उघडं ठेवून चालणाऱ्या ओव्हनसमोर आपण डोळे लावूनच उभे राहतो.

उघडताना

प्लग काढा. काढलेला प्लग टेबलावर आपल्या नजरेसमोर ठेवा. हे लिहावं लागतं, कारण आपल्याकडे "लाइन गेली हाय" म्हणून प्लग तसाच ठेवून हात घालणारे आहेत. गेलेली लाइन कधी येईल ते कोणाला ठाऊक?

कव्हरच्या पत्र्याच्या कडा विळ्यासारख्या असतात. माझ्या अंगठ्यावर खूण आहे.

कव्हर निघाल्यावर हात मागे. आत उजव्या बाजूला मोठा ट्रान्सफॉर्मर आणि जवळच चपटा, पत्र्याच्या डबीसारखा कपॅसिटर दिसेल. त्यावर सुमारे १ मायक्रोफॅरॅड आणि २१०० व्होल्ट असं काहीतरी छापलेलं असतं. पंख्याच्या कपॅसिटरचा झटका खाल्ला असेल तर तो विसरा. हा माणूस मारतो. आत चार्ज उतरवणारा रेझिस्टर बहुधा असतो, पण तो तुटलेला असला तर बाहेरून कळत नाही, आणि प्लग काढलेला असला तरी कपॅसिटर भरलेला राहतो.

म्हणून डिस्चार्ज. मी १० किलोओहमचे चार सिरॅमिक रेझिस्टर एकामागे एक जोडून, वर जाड स्लीव्ह चढवून एक काडी केली आहे. तिचं एक टोक क्लिपनं बॉडीच्या उघड्या पत्र्याला पकडवायचं, दुसरं आधी कपॅसिटरच्या एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला, दर वेळी तीन-चार सेकंद. शेवटी जाड प्लास्टिक मुठीच्या पेचकसनं दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून खात्री. हे सगळं एका हातानं. दुसरा हात खिशात. पायात चप्पल, खाली कोरडी फळी. चार्ज उरलाय का ते मल्टीमीटरनं मोजायला जाऊ नका. तो ६०० किंवा १००० व्होल्टचा असतो, इथं दोन हजाराच्या वर असू शकतात. पहिल्या दोन-चार वेळा हे काम येणारा माणूस शेजारी असू द्या. तसा कोणी नसेल तर ओव्हन त्याच्याकडे पाठवा आणि जाऊन पाहत बसा. मी तेच केलं होतं.

कव्हर काढलेला असताना ओव्हन चालू करून व्होल्टेज मोजायचा नाही. दाराच्या कामाला त्याची गरजच पडत नाही; सगळं लाइन नसताना, ओहमवर होतं.

खटके तपासणं

आधी नुसते डोळे वापरा. दाराचे हुक हातानं दाबून सोडा. स्प्रिंगनं परत यायला हवेत. एखादा लुळा पडला असेल तर दाराच्या आतली स्प्रिंग निसटली आहे. हुकाचं टोक झिजलंय का, तुटलेला तुकडा ब्रॅकेटमध्ये अडकलाय का. हळद-तेलाचा थर बसून हुक चिकट झालेला असतो, पावसाळ्यात त्यावर मुंग्यांची रांग असते. एकदा ब्रॅकेटच्या मागे वाळलेली पालही निघाली होती. खटक्याच्या पायांवरचे थिंबल (वायरच्या टोकाचे पत्र्याचे क्लिप) पाहा: प्लास्टिक तपकिरी झालंय, वायरचं टोक कडक झालंय, तर तिथं सैलपणानं गरमी धरली आहे. असा खटका आतून बरा असला तरी बाद, आणि थिंबलही नवा.

आता वायरी काढण्याआधी फोटो. एक जवळून, एक लांबून. खटक्याच्या पायांजवळ बारीक अक्षरांत कॉम (सामाईक पाय), एनओ, एनसी कोरलेलं असतं. थिंबलला कुलूप असेल तर जीभ दाबून काढा. ओढाताण केली तर पाय खटक्यातून उपटून येतो.

वायरी काढूनच मोजायचं. इथं नवा माणूस हमखास चुकतो. वायरी तशाच ठेवून मॉनिटर तपासला तर दार बंद असतानाही मीटर बीप देतो, आणि पोरगं म्हणतं, "भाऊ, हा चिकटला." चिकटलेला नसतो. मीटर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी वेटोळ्यातून वाट काढतो, आणि ते वेटोळं एक-दोन-तीन ओहमचंच असतं.

एनओ खटका: बोंड दाबलं की बीप, सोडलं की गप्प. एनसी खटका: सोडलेला असताना बीप, दाबला की गप्प. बीपवर थांबू नका. मीटर २०० ओहमवर आणा, दोन्ही पिना एकमेकांना टेकवून येणारा आकडा लक्षात ठेवा आणि तेवढा वजा करून पाहा. जुळलेल्या पॉइंटचा आकडा शून्याला लागून, स्थिर असला पाहिजे. दर दाबण्याला वेगळा येत असेल, कधी दोन, कधी पाच ओहम, तर पॉइंट जळले. दहा-वीस वेळा दाबून पाहा, कारण चिकटणारा खटका दर वेळी चिकटत नाही. काकूंचा खटका माझ्या टेबलावर पहिल्या पंधरा वेळी साधूसारखा वागला होता.

तो नंतर मी ब्लेडनं फोडून पाहिला. तुम्हीही एखादा बाद झालेला फोडाच. आत तांब्याची पातळ पट्टी, स्प्रिंगनं ताणलेली, आणि तिच्या टोकाला चांदीचा ठिपका, ज्वारीच्या दाण्याहून लहान. समोर तसाच दुसरा. एका ठिपक्याच्या मधोमध काळा खड्डा पडलेला, आणि समोरच्यावर तेवढाच उंचवटा. दोन्ही एकमेकांत बसले की पट्टी सुटायला कुचराई करायची. नखानं उचलली तर टक करून सुटली. एवढ्याशा अडकण्यानं तीन फ्यूज आणि माझी अब्रू गेली होती.

खड्डा का पडतो तेही सांगतो. चालू ओव्हन पाच-सहा अँपिअर ओढत असतो. स्टॉप दाबला तर करंट रिले तोडतो आणि दारातला खटका आरामात सुटतो. स्टॉप न दाबता दार ओढलं तर तोच करंट बऱ्याचदा खटक्याला तोडावा लागतो, ठिणगी पडते. गोल नॉबवाल्या मॉडेलमध्ये तर आणखी एक गंमत: टायमर अर्ध्यावर असताना दार परत लावलं की ओव्हन तिथल्या तिथं चालू होतो, आणि ट्रान्सफॉर्मरचा सुरुवातीचा मोठा ओढाही खटकाच झेलतो. ते खटके लवकर जातात.

बोर्डाला निरोप देणाऱ्या खटक्याचं दुखणं उलटं असतं. त्यातून करंट नावालाच जातो, पॉइंट जळत नाहीत, पण पावसाळ्यात त्यावर पातळ थर धरला तरी निरोप अडकतो. जुलै-ऑगस्टमध्ये "स्टार्ट नाही घेत" म्हणून आलेल्या ओव्हनमध्ये आधी हा पाहतो.

बदलणं

पॉइंट कानशीनं घासून परत बसवायचे नाहीत. चांदी घासली जाते, खाली तांबं उघडं पडतं आणि पुढच्या वेळी ते अजून लवकर चिकटतं. स्प्रे मारायचा नाही. भंगारातल्या ओव्हनमधून काढलेला खटका लावायचा नाही. लावणारे भेटतील, मी लावत नाही.

नवा घेताना जुना खिशात घेऊन जा. १६ अँपिअर, २५० व्होल्ट हे छापलेलं असावं. दोन पायांचे खटके बाहेरून अगदी जुळे भाऊ दिसतात, पण एक एनओ आणि दुसरा एनसी असतो. दुकानातच मीटर लावून पाहा. पायांची रुंदी, बोंडाची उंची, पट्टी आहे की नाही, सगळं जुळलं पाहिजे. बोंड अर्धा मिलिमीटर उंच असलं तरी तो वर सांगितलेला क्रम बिघडतो. मी नागपूरला सीताबर्डीत जातो तेव्हा दहा-वीस एकदम आणतो, कारण एका खटक्यापेक्षा एसटीचं तिकीट महाग पडतं.

दार उघडताना फ्यूज उडाला असेल तर एकटा प्रायमरी बदलून थांबू नका. त्या शॉर्टचा सगळा करंट मॉनिटरच्या पॉइंटमधून गेलेला असतो. पुढच्या वेळी तो जुळेल याचा भरवसा नाही. मॉनिटर मेला तर ओव्हन छान चालतो, तक्रार येतच नाही. फक्त मुकादम नसतो. प्रायमरी आणि मॉनिटर जोडीनंच बदला. मी तिन्ही बदलतो आणि रिलेचे पॉइंटही मोजतो.

खटके बसवल्यावर ब्रॅकेटचे स्क्रू आधी सैल, दार लावून ब्रॅकेट हलकेच आतल्या बाजूला ओढायचा, मग आवळायचे. लागलेलं दार बाहेर ओढून पाहिलं तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त डुलता कामा नये. स्क्रूची भोकं फाटून लांबट झाली असतील तर ब्रॅकेट नवा. फेविक्विकनं भागत नाही. दारच वाकलं असेल, बिजागरी सैल असेल, जाळी फाटली असेल तर काम परत करा. त्यातून किती गळतंय ते मोजायला चांगलं मीटर लागतं, ते आपल्याकडे नसतं. आत मोबाइल ठेवून रिंग द्यायची ती युक्ती काही सिद्ध करत नाही.

आता शेवटची ओहम-परीक्षा. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवरच्या दोन वायरी काढा आणि त्या वायरींच्या टोकांना मीटर लावा. ज्या मॉडेलांत मॉनिटर थेट तिथंच आडवा जोडलेला असतो, त्यांत दार उघडं असताना जवळजवळ शून्य ओहम दिसेल, दार बंद केलं की सुटेल. तुमच्या आकृतीत मॉनिटर वेगळ्या ठिकाणी असेल तर मीटर त्याच्या टोकांना लावा. दार अगदी सावकाश उघडा, गोगलगायीच्या चालीनं, आणि कान द्या: आधी प्रायमरी-सेकंडरीचे टक, मग मॉनिटरचा. वेगानं उघडल्यावर तिन्ही टक एकच ऐकू येतात आणि काही कळत नाही.

फ्यूज आणि "डायरेक्ट"

फ्यूज सिरॅमिकचा, जितक्या अँपिअरचा होता तितक्याचाच. आपल्याकडच्या मॉडेलांत बहुधा ८ किंवा १०. कॅपवर लिहिलेलं असतं. काचेचा नको, मोठा नको, आणि तांब्याची तार तर मुळीच नको.

एकदा असा ओव्हन आला ज्याच्या फ्यूजवर कोणीतरी वायरीतल्या तारा काढून गुंडाळल्या होत्या. दार उघडल्यावर मॉनिटरनं नेहमीसारखा शॉर्ट केला. फ्यूज तर उडणार नव्हता, मग आतली वायरच फ्यूज झाली. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, वितळून ब्रॅकेटला चिकटला होता, प्रायमरीचं प्लास्टिक गुळासारखं ओघळलेलं, घरातला एमसीबी पडला म्हणून तेवढ्यावर थांबलं. घरवाल्यांना फक्त जळका वास आठवत होता.

दुसरा प्रकार याहून वाईट, आणि तो तुमच्याकडे येणारच. खटके काढून वायरी एकमेकींना पिळलेल्या, मॉनिटरच्या वायरी कापून टेप मारलेला. "डायरेक्ट करून टाकलं" म्हणतात. गिऱ्हाईक खूश, कारण फ्यूज उडत नाही. दार उघडं, टायमर चालू, आणि आतून काही दिसत नाही, आवाज नेहमीचाच. असा ओव्हन आला की मी आधी प्लगची वायर गुंडाळून ठेवतो आणि सांगतो: खटके नवे बसतील तर करतो, नाहीतर असाच घेऊन जा, पण प्लग मी कापून देईन. एकदोघं रागावून गेले. जाऊ द्या.

टेस्टसाठी सुद्धा, "फक्त दोन मिनिटं" म्हणून सुद्धा, डायरेक्ट करायचं नाही. दोन मिनिटांत मोटारवाला येतो, मोटार उतरवून घ्यावी लागते, आणि ओव्हन तसाच घरी जातो.

परत देताना

कव्हर पूर्ण लावून, सगळे स्क्रू घालून मगच प्लग. आत पाणी ठेवल्याशिवाय चालवायचा नाही. १ लिटर पाणी मोजून ठेवा, तापमान घ्या, पूर्ण पॉवरवर ६० सेकंद, ढवळून परत तापमान. जितके अंश वाढलं त्याला ७० नं गुणलं की साधारण वॉट येतात. १० अंश वाढलं तर ७०० वॉट. शेतातल्या मोटारी चालू असण्याच्या वेळी, व्होल्टेज पडलेला असताना, आकडा कमी येतो, म्हणून त्या वेळचा व्होल्टेजही लिहून ठेवतो.

मग काकूंनी शिकवलेली परीक्षा: परत चालू करा आणि मध्येच, स्टॉप न दाबता, दार ओढा. पाच-सात वेळा. थाळी त्याच क्षणी थांबली पाहिजे आणि डिस्प्ले जिवंत राहिला पाहिजे.

गिऱ्हाइकाला तीन-चार गोष्टी सांगायच्या. आधी स्टॉप, मग दार. दाराच्या मुठीला फडकं वाळत घालायचं नाही, लेकरांना लोंबकळू द्यायचं नाही. दार आपटायचं नाही. रिकामा चालवायचा नाही. प्लग तीन पिनांचाच, आणि अर्थिंग खरंच आहे का ते पाहा. ट्रान्सफॉर्मरच्या हाय व्होल्टेजचं एक टोक बॉडीलाच जोडलेलं असतं, त्यामुळे इथं अर्थिंग शोभेचं चालत नाही. आपली काळी माती मे महिन्यात हात जाईल इतकी भेगाळते, खड्ड्यातला कोळसा-मीठ कोरडं ठणठणीत होतं. उन्हाळाभर त्यात आठवड्याला एक बादली पाणी ओतायला सांगा.

कव्हर लावण्याआधी मी त्याच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख, कोणते खटके बदलले आणि फ्यूज किती अँपिअरचा टाकला ते लिहितो. काकूंचा ओव्हन नंतर एकदा थाळीची मोटार बदलायला आला होता. कव्हर उलटं केलं तर माझंच अक्षर: "प्रा., से., मॉ. तिन्ही नवे. फ्यूज १०." फ्यूज तोच होता.